दिसलं ते आधी

त्या सोमवारी सकाळी आईने जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर घुबडाने ओकलेला एक गोळा ठेवला आणि कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिची मुलगी एका जाडजूड कादंबरीची मुद्रितं तपासत बसली होती. तिने मान वर न करता नाक मुरडलं.

“आई, इथे आपण जेवतो.”

“जेवतो तेव्हा जेवतो. आत्ता कोण जेवतंय?”

“वास मारतोय तो.”

“भट्टीत भाजून येतो गं. तुझ्या हातातल्या कादंबरीपेक्षा स्वच्छ आहे. काल तूच सांगत होतीस ना, काय काय घाण भरलीय तिच्यात?”

मुलीने पान उलटलं. बोलण्यात आईपुढे तिची सरशी कधीच होत नसे. घरात तिला पंडिता म्हणत. पाचवीत असताना तिने भर वर्गात फळ्यावरची गुरुजींची चूक दाखवली होती, तेव्हापासून. आता चाळिशी उलटली, एका प्रकाशनात चुका काढण्याचीच नोकरी लागली, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. “बाहेर चुका काढायचा पगार घेतेस,” आई म्हणायची, “मग घरात फुकट कशाला काढतेस? अशाने धंदा बसेल तुझा.”

घुबड उंदीर अख्खा गिळतं. मांस पचतं, केस आणि हाडं पचत नाहीत, त्यांचा गोळा करून ते तोंडावाटे टाकून देतं. तो गोळा चिमट्याने उकलला की आत उंदराचा सबंध सांगाडा सापडतो. हे आई भेटेल त्याला सांगायची, पेट्या न्यायला येणाऱ्या कुरिअरवाल्यालासुद्धा. एकतीस वर्षं ती एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. परीक्षानळ्या धुणं, स्पिरिटचे दिवे भरणं, बेडूक मोजून ठेवणं. विज्ञानाचे शिक्षक येत-जात राहिले. कुठली बाटली कुठे आणि कुठला प्रयोग कधी फसतो हे मात्र तिलाच ठाऊक.

निवृत्त झाल्यावर ती स्वस्थ बसेल असं तिच्या मुलांना वाटलं होतं. पण तिला ‘विज्ञानदादा’ भेटला. ज्या शाळांना मुलांना कुठे नेणं जमत नाही, त्यांच्यासाठी तो पडद्यावरच्या सहली काढायचा. दहा दिवस आधी शाळेत पेटी जायची. तिच्यात प्रत्येक मुलासाठी एक गोळा किंवा मातीची पुडी किंवा तळ्याच्या पाण्याची बाटली, एक भिंग, एक चिमटा. ठरल्या दिवशी वर्गातल्या पडद्यावर आधी जंगल, गुहा, नाहीतर तळं दिसायचं. मग चित्रफीत थांबायची आणि काळं कापड घातलेलं एक टेबल यायचं. टेबलावर दोन हात. ते हात जे करतील ते मुलांनी आपापल्या बाकावर करायचं. आवाज विज्ञानदादाचा, कुरळे केस विज्ञानदादाचे, पदवी विज्ञानदादाची. हात आईचे. तोंड कधीच दिसायचं नाही, माइकही नव्हता. मुलं तिला हातवाल्या मावशी म्हणायची.

“तुझं तोंड दाखवायची लाज वाटते का त्यांना?” पंडिताने पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

“तोंडाने काय करायचंय? तोंड त्याचं आहे की. भरपूर आहे.”

या कामापायी आईला आणखी एक खोड लागली होती. टेबलावरचा कॅमेरा चित्र आरशासारखं उलटं दाखवायचा. दादा सांगणार, “चिमटा उजव्या हातात धरा,” आणि पडद्यावर दिसणार डावा. मुलांचा गोंधळ उडायचा. आईने कोणाला काही सांगितलं नाही. तिने हात बदलला. पासष्टाव्या वर्षी ती डाव्या हाताने काम करायला शिकली. घरात डाव्या हाताने चहा ढवळायची, बटणं लावायची, कडधान्याचे दाणे चिमट्याने एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायची. तीन वर्षं हा सराव पाहून पंडिताचं डोकं उठलं होतं.

तर त्या सोमवारी आईने उजव्या हाताने चहाचा कप उचलला आणि तो निसटला. चहा टेबलावरून वाहत गेला, तो थेट मुद्रितांच्या गठ्ठ्यात.

“आई!” पंडिता ताडकन उठली. “चारशे पानं आहेत! तीन आठवड्यांचं काम आहे माझं!”

आई आपल्या हाताकडे बघत होती. तो टेबलावर पालथा पडला होता, कोणीतरी तिथे विसरून गेल्यासारखा. तिने बोटं हलवून पाहिली. थोडी हलली.

“हा आज रुसलाय वाटतं,” ती म्हणाली.

“रुसणारच. तीन वर्षं त्याला बसवून ठेवलंयस. फडकं दे इकडे.”

आईने डाव्या हाताने फडकं घेतलं, डाव्या हाताने टेबल पुसायला लागली. तिरकं, अर्धवट. चहा पसरतच चालला.

“नीट दोन्ही हातांनी पूस ना! इथे कॅमेरा नाहीये, आई. तुझी नाटकं त्या पोपटदादापुढे कर. घरात माणसासारखी वाग.”

“हं,” आई म्हणाली.

एवढंच. ती एरवी एवढ्यावर थांबणारी बाई नव्हती. दुपारी ती डाव्या हाताने चमच्याने जेवली. संध्याकाळी तिन्ही शाळांच्या पेट्या बांधून झाल्या, दोन पत्ते सकाळीच लिहून झाले होते. तिसरी पेटी तिने पंडितापुढे सरकवली.

“एवढा पत्ता तू लिही गं.”

आपल्या पेटीवर आईने कधी कोणाला अक्षर काढू दिलं नव्हतं. पंडिता ओल्या पानांना इस्त्री करत होती. तिने चरफडत पेन घेतलं, पत्ता खरडला, पेटी परत ढकलली. “आता माझा हातही हवा का तुला? तुझे दोन पुरेनात?”

आई हसली. ते हसू किंचित एका बाजूला होतं. पण पंडिताने तोवर इस्त्री पुन्हा उचलली होती.

मंगळवारी सकाळी साडेसहाला आई मोरीत पडलेली सापडली. दुपारी दोनच्या सुमारास ती गेली.

इस्पितळातल्या डॉक्टरीण तरुण होत्या, थकलेल्या होत्या. कागद भरता भरता त्यांनी विचारलं, “काल काही जाणवलं होतं का? हात जड पडणं, वस्तू हातातून सुटणं, चेहरा वाकडा?”

“नाही,” पंडिता म्हणाली.

प्रश्न पुरता संपलाही नव्हता. डॉक्टरीणबाईंनी एका रकान्यात खूण केली. “कधीकधी आदल्या दिवशी सूचना मिळते. वेळेत आणलं तर...” त्यांनी पुढचा कागद ओढला. वाक्य तसंच हवेत राहिलं. पंडिताला अर्धवट वाक्यं खपत नसत. हे तिने पुरं करून मागितलं नाही.

धाकट्या भावाचं विमान दुसऱ्या दिवशी पोहोचलं. त्याने चपला काढता काढताच विचारलं, “काहीच लक्षण नव्हतं का गं, ताई?”

“नाही म्हटलं ना. मी काय आंधळी आहे का?”

“मी तसं म्हटलं का?”

“मग काय म्हटलंस? वर्षातून एकदा येतोस आणि उलटतपासणी घेतोस.”

त्याने बॅग आत नेली. चार दिवसांनी परत जाताना दारात तिला जवळ घ्यायला आला, तर ती म्हणाली, “विमान चुकेल.”

मग तिने आपला राग ठेवायला जागा शोधली. ती फार लांब नव्हती. चष्म्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर विज्ञानदादाची खोली होती. आईच्या वस्तू आणायच्या म्हणून ती तिथे गेली. खरं तर भांडायलाच गेली.

खोलीला खिडकी असून नसल्यासारखी, काळ्या पडद्याने झाकलेली. मध्ये ते टेबल. काळ्या कापडावर पांढऱ्या चिकटपट्टीची चौकट, म्हणजे कॅमेऱ्याला दिसणारी हद्द. वरून कॅमेऱ्याची मान खाली वाकलेली. स्टुलावर आईची चपटी झालेली उशी. आणि समोरच्या भिंतीवर हातभर अक्षरांत छापलेलं: ‘आधी दिसलं ते, मग वाटलं ते.’ खाली झोकदार सही, विज्ञानदादा.

“या ताई, या. फार वाईट झालं. आम्हाला तर—”

“मी तुमची ताई नाही. आणि ते वाक्य आईचं आहे.”

तो भिंतीकडे वळला. चाळिशीचा गडी, केस अजून कुरळे, डोळ्यांखाली मात्र काळं. “कुठलं? हां. आमचं सगळं मिळूनच असतं, तसं.”

“शाळेत दर वर्षी पहिल्या तासाला ती मुलांना हे सांगायची. कागदावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे जे दिसलं ते, उजवीकडे जे वाटलं ते. दिसल्याच्या रकान्यात वाटलेलं लिहिलं तर कान धरायची. माझेही धरलेत. तिथे तुमची सही आली कुठून?”

“काढून टाकतो सही.”

तो इतक्या पटकन कबूल झाला की तिच्या हातातलं हत्यारच गेलं. तिने दुसरं शोधलं. “गुरुवारी घुबडाची सहल आहे. तिचं काय करणार?”

“रेकॉर्डिंग आहे ना गेल्या वर्षीचं. मावशींचे हात त्यातले घेऊ, मी वर बोलेन. मुलांना कळणारही नाही.”

“माझी आई मेलीय आणि तिचे हात तुम्ही कामाला लावणार?”

“अहो, तसं नाही...”

“शेवटच्या पोराचं होईपर्यंत ती थांबायची. रेकॉर्डिंग थांबतं का कोणासाठी?”

“मग काय करू मी?” आता त्याचाही आवाज चढला. “पेट्या त्यांनीच पाठवल्यात! तीन शाळांतली नव्वद मुलं गोळे घेऊन बसलीत. तुम्ही करता? करा की! हात तर...” तो अडखळला. तिच्या हातांकडे बघत राहिला. आखूड, रुंद, अंगठा तसाच बाहेर वळलेला. “हात तर त्यांचेच आहेत.”

तिने हात पाठीमागे घेतले. पण भाऊ गेल्यापासून घरात शांतता होती, आणि टेबलावर कडधान्याच्या दोन वाट्या तशाच होत्या. “करीन,” ती म्हणाली. “पण मुलांना सांगायचं. आधीच. ती गेली म्हणून.”

“मुलं सहलीला येतायत हो, मर्तिकाला नाही. नऊ-दहा वर्षांची पोरं. समोर सांगाडा उघडलेला, आणि त्यावर हे सांगू?”

त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं, म्हणून तो तिला आणखीच नकोसा झाला.

“आणि एक,” तो म्हणाला, “मावशी डावऱ्या होत्या. तुम्हीही आहात का? नाहीतर मुलांच्या लक्षात येईल.”

पंडिताला आधी कळेचना. मग कळलं, आणि ती हसली. चांगलं हसू नव्हतं ते. “डावरी? माझी आई? तुमचा कॅमेरा उलटं दाखवतो, म्हणून तिने हात बदलला. तीन वर्षं तुम्ही तिच्यासमोर बसलात. तीन वर्षं! आणि तुम्हाला पत्ता नाही?”

“त्या काही बोलल्याच नाहीत. मला कसं कळणार?”

“बोलायला कशाला हवं? डोळे नव्हते का? समोर दिसत होतं ना!”

आणि मग ती थांबली. जेवताना आपलीच जीभ आपल्याच दाताखाली यावी तशी. विज्ञानदादा काहीतरी म्हणत होता, बहुधा माफीच मागत होता. तिने आईचा चिमटा उचलला, उशी काखेत मारली आणि जिना उतरली. दुकानातल्या काचेत चष्म्यांच्या रांगा होत्या, एकाही काचेमागे डोळा नव्हता.

मधले दिवस ती डाव्या हाताने दाणे वेचत बसली. पहिल्या दिवशी दहांतले आठ टेबलाखाली. बोटं पोटरीसारखी भरून यायची. तीन वर्षं आई हे करत होती आणि आपण त्याला नाटक म्हणत होतो, हे तिला कळत होतं. पण ते काही खरं दुखणं नव्हतं. खरं दुखणं त्याच्या मागे बसलं होतं, तिकडे ती बघत नव्हती.

गुरुवारी सकाळी दहाला ती स्टुलावर बसली, आईच्या उशीवर. दादाने वरचा दिवा लावला. “माइक माझ्याकडे आहे,” तो म्हणाला, “तुम्हाला काही बोलायचं नाहीये. दोनदा टकटक म्हणजे थांबा. पालथा पंजा म्हणजे—”

“माहीत आहे.”

“माहीत असेल तर बरंच.”

समोरच्या मोठ्या पडद्यावर तीन वर्ग उघडले. बाकं, डोकी, चांदीच्या कागदात गुंडाळलेले गोळे. घुबडाची चित्रफीत झाली, पोरांनी ठरल्याप्रमाणे “ईऽऽ” केलं. मग टेबल आलं. आई सुरुवातीला दोन्ही हात चौकटीत ठेवायची, मग उताणे करायची. म्हणजे, बघा, काही लपवलेलं नाही. पंडिताने हात ठेवले, उताणे केले. पडद्यावर नव्वद मुलांनी हात उताणे केले.

“गुड मॉर्निंग, मावशीऽ!”

तिला बोटं मिटून घ्यावीशी वाटली. तिने मिटली नाहीत.

“तर मंडळी,” दादाने सूर लावला, “चिमटा उजव्या हातात! हळू हळू केस बाजूला करायचे. हे काय आलं? फासळी! कागदावर मधोमध रेघ मारलीय ना? आधी दिसलं ते, मग वाटलं ते. हे वाक्य...” त्याने भिंतीकडे पाहिलं. “हे वाक्य मावशींचं आहे बरं का.”

पंडिताने वर पाहिलं नाही. डाव्या हाताने तिने एक फासळी काढली, मग दुसरी, मग मागचा पाय. वीस मिनिटं निभली. हात थरथरायला लागला तेव्हा कवटीची पाळी होती. उंदराची कवटी, नखाएवढी, कागदासारखी. चिमटा तिच्याजवळ जायचा आणि हलायचा. जायचा आणि हलायचा. पडद्यावर मुलं वाट बघत होती. आणि मग, काही न ठरवता, तिने चिमटा उजव्या हातात घेतला आणि एका फटक्यात कवटी अलगद काढून पांढऱ्या पुठ्ठ्यावर ठेवली. इतकं सोपं होतं ते.

मुलं मात्र पुढे गेली नाहीत. पहिल्या वर्गातली दोन वेण्यांची मुलगी आपल्या हाताकडे बघत होती, मग पडद्याकडे, मग पुन्हा हाताकडे. तिने हात वर केला.

“बोल बाळा.”

“मावशी डाव्या हाताने करतायत. त्या कध्धीच डाव्या हाताने करत नाहीत.”

“दमल्यात मावशी,” दादा हसत म्हणाला. “तू कर बरं उजव्याने.”

“पण दादा,” तिसऱ्या वर्गातून एक आवाज आला. ठिपक्यांच्या स्वेटरमधला मुलगा उभा राहिला होता, हातात कागद. “मी नोंद केलीय. वाचू?”

“हाडांची ना?”

“नाही. मावशींची.”

दादाने माइकवर हात ठेवला आणि पंडिताकडे पाहिलं. आज पहिल्यांदा तो गोंधळलेला दिसला. तिने मान हलवली नाही, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही.

“वाच,” तो म्हणाला.

“दिसलं.” मुलगा धडा वाचावा तसा वाचत होता. “एक. आमच्या पेटीवर मावशींचं अक्षर नव्हतं. नेहमी असतं. दोन. मावशींचा हात थरथरत होता. तीन. मग त्यांनी हात बदलला.” त्याने कागदावरची रेघ ओलांडली, बोटाने. “वाटलं. मावशींच्या एका हाताला काहीतरी झालंय. कोणीतरी बघायला पाहिजे.”

वर्गात कोणी हसलं नाही. त्यांच्या बाई मागून पुढे आल्या आणि म्हणाल्या, “बस खाली,” पण तो उभाच राहिला. त्याला उत्तर हवं होतं.

पंडिता त्याच्याकडे बघत राहिली. तिसरी पेटी. तिनेच खरडलेला पत्ता. नऊ वर्षांच्या पोराला पाऊण तास लागला होता. तिला आख्खा दिवस मिळाला होता, एकाच टेबलावर, दोन हातांच्या अंतरावर. चुका शोधण्यात जिने जन्म घालवला तिला.

ती उठली. चौकटीतून हात गेले तशी मुलं कुजबुजली. तिने दादाच्या पुढ्यातला माइक ओढून घेतला.

“अहो, काय करताय? मुलं आहेत ती! बंद करीन मी!” तो दबक्या आवाजात म्हणाला आणि बटणाकडे झेपावला. तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. उजवा. घट्ट.

“हात काढा तुमचा.”

“ताई, प्लीज.”

“त्याने प्रश्न विचारलाय. त्याची नोंद बरोबर आहे. काढा हात.”

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात काढला. मग वाकून त्याने काहीतरी केलं. वरचा कॅमेरा काळा झाला आणि त्याचा स्वतःचा कॅमेरा तिच्याकडे वळला. पडद्याच्या कोपऱ्यात तिला तिचा चेहरा दिसला. विस्कटलेला, चष्मा घसरलेला. मुलं तोंडं उघडी टाकून बघत होती. हातांना तोंड असतं, हे ती पहिल्यांदाच पाहत होती.

“मी तुमच्या मावशी नाही,” ती म्हणाली. आवाज फाटला. तिने चष्मा वर केला आणि पुन्हा सुरुवात केली. “मी त्यांची मुलगी. पेटीवरचं अक्षर माझं आहे. तुम्ही नीट पाहिलंत म्हणून सांगते. तुमच्या मावशी माझी आई होती, आणि ती आता नाही. ती वारली.”

दोन वेण्यांच्या मुलीने चिमटा खाली ठेवला. दादाने मान खाली घातली. ठिपक्यांचा स्वेटर तसाच उभा होता, कागद धरून.

“आता माझी नोंद. ही मी कोणाला सांगितलेली नाही. डॉक्टरांनी विचारलं, मी नाही म्हणाले. भावाने विचारलं, त्याला मी ओरडले.” तिने श्वास घेतला. “दिसलं ते आधी. एक. सोमवारी आईच्या उजव्या हातातून कप पडला. दोन. तिने टेबल डाव्या हाताने पुसलं, डाव्या हाताने जेवली. तीन. तिने पत्ता मला लिहायला सांगितला. चार. ती हसली, आणि एकाच बाजूने हसली.

“आता वाटलं ते. मला वाटलं, तुमच्यासाठीचा सराव चाललाय. मला वाटलं, नाटक करतेय. मी तिला म्हटलं, घरात माणसासारखी वाग.”

पाठीमागे दिव्याचा पंखा घुमत होता. कोणीच टकटक करून तिला थांबवलं नाही.

“मी हे सगळं वाटलेल्या रकान्यात लिहिलं. पण ते वाटलं नव्हतं, बाळांनो. मला दिसलं होतं. आई, मला दिसलं होतं गं.”